उचंत खात्यातला निषाद

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला जग दोनच रकान्यांत दिसतं. एक नावे, दुसरा जमा. ज्या रकमेला या दोहोंपैकी एकही रकाना आपली म्हणायला तयार नसतो, तिच्यासाठी आमच्या शास्त्रात एक धर्मशाळा बांधून ठेवली आहे. तिला उचंत खातं म्हणतात. रक्कम कुणाची, कशाची, आली कुठून, हे कळेपर्यंत तिनं तिथं मुकाट पडून राहायचं. माझ्या आयुष्यातला एक शुद्ध निषाद अशाच एका उचंत खात्यात अठ्ठावीस वर्षं पडून होता, आणि त्याचा खरा मालक शेवटी अमेरिकेत सापडला. त्याची ही हकीकत.

आमचे वडील पोस्टात होते आणि पेटी वाजवायचे. खरं म्हणजे ते पेटी वाजवायचे आणि मधल्या वेळेत पोस्टात जायचे. मी सात वर्षांचा झाल्यावर त्यांनी मला भात्यापुढे बसवलं. रागांची शिस्त ते पोस्टाच्या शिस्तीनंच शिकवीत. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत म्हणजे नाहीत. चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकलं तर ते परत येणारच. मालकंसात ऋषभ आणि पंचम यांना प्रवेशबंदी, आणि गंधार, धैवत, निषाद हे तिघेही कोमलच पाहिजेत. यांतला एखादा चुकून शुद्ध लागला की वडील चष्मा काढून हातात घेत. ते मारत नसत. चष्मा काढत. मला मार परवडला असता.

१९९५ साली, मी पंधरा वर्षांचा असताना, गणेशोत्सवातल्या एका स्पर्धेत मी मालकंस वाजवला. षड्ज काळी एकचा. आता ज्यांनी पेटी जवळून पाहिली आहे त्यांच्या लक्षात येईल की, काळी एकच्या मालकंसात कोमल निषाद येतो पांढरी सातवर. तिथून षड्जावर जायचं म्हणजे मधली पांढरी एक ओलांडून जायचं. ती पांढरी एक म्हणजे शुद्ध निषाद. रस्त्यात झोपलेल्या कुत्र्यासारखी ती तिथं पडलेली असते. सराव करताना मी तिला हजार वेळा ओलांडलं होतं. स्पर्धेत नेमका तिच्यावर पाय, म्हणजे बोट, पडलं. आणि एकदा नाही. घाबरल्यामुळे त्याच तानेत तीन वेळा.

एका परीक्षकांनी दुसऱ्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. नंतर कळलं, ते म्हणाले होते, ‘हा चंद्रकंस वाजवतोय का?’ कारण मालकंसात कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद घेतला की चंद्रकंस होतो. पण मी दोन्ही निषाद घेतले होते. त्यामुळे तो मालकंस राहिला नाही आणि चंद्रकंसही झाला नाही. प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत वडिलांनी चष्मा काढला.

घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मी घरी आल्यावर पेटी बंद केली आणि म्हटलं, ‘माळ्यावर टाकून द्या.’ त्यांनी ती माळ्यावर ठेवली. त्यानंतर मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, संसारी झालो. पण पेटी खाली आली नाही. आम्ही दोघे बापलेक राजकारणापासून बेसनाच्या लाडवापर्यंत सर्व विषयांवर बोलतो. हा एक विषय वर्ज्य.

आता आमच्या शाखेतल्या हेड कॅशियरांकडे वळतो. ते मूळचे गोव्याचे. नाव, आडनाव आणि मधली दोन-तीन संतांची नावं इतकी लांब होती की सही करायला त्यांना चेकवरची जागा पुरत नसे. शाखेत सगळे त्यांना नुसतं ‘बाब’ म्हणत. नोटा मोजण्याचं यंत्र आलं तरी बाब बंडल हातानंच मोजायचे, आणि मोजताना ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणायचे. नोटांची ती फडफड एका लयीत नसे. जरा मागं रेंगाळायची, मग एकदम पुढं उडी घ्यायची. पहिली काही वर्षं मला वाटे की त्यांना दम्याचा त्रास आहे. पुढं कळलं की ती ‘स्विंग’ आहे.

बाबांचे वडील ट्रंपेट वाजवत. रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून स्टाफ नोटेशन वाचायला शिकलेली अशी कितीतरी मंडळी मुंबईला आली. त्यांतलेच चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, पण लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१ सालच्या ‘अलबेला’साठी ते आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या बरोबर होते. म्हणजे ज्या चालींवर आपल्या काकालोकांनी वरातीत हातपाय हलवले, त्यांत जॅझ होतं. काकांना कुणी सांगितलं नाही, एवढंच. स्वतः बाब सॅक्सोफोनवाले. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा पंधरा वर्षांच्या बाबांनी सॉनी रोलिन्सला ऐकलं आणि ठरवलं की आपण हेच करायचं. वडिलांनी ठरवलं की मुलानं बँकेत लागायचं. दोघांनीही आपापला शब्द पाळला.

आमच्या बँकेतलं संगीत शिक्षण सर्व्हर बंद पडण्यावर अवलंबून होतं. सर्व्हर बंद पडला की बाहेर खातेदार खवळायचे आणि आत बाब सुरू व्हायचे. अशाच एका दुपारी ते म्हणाले, “आयक रे, तुमच्या भूपात पाच सूर. आमच्या ब्लूजचे मुळात पाचच. सा, कोमल ग, म, प, कोमल नि.”

मी म्हटलं, “बाब, हा तर धानी राग!”

“राग नाही रे. रागाला चालचलन असतं. हे नुसते सूर.”

हा फरक मला फार पटला. सुरांचा संच म्हणजे रिकामा फ्लॅट. राग म्हणजे त्यात थाटलेला संसार. कुठलं माणूस कुठं बसतं, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं संसारात ठरलेलं असतं. जॅझवाला फ्लॅट भाड्यानं घेतो, आणि कधी कधी चार मात्रांपुरताच.

“आता त्यात एक भाडोत्री घाल,” बाब म्हणाले. “तीव्र मध्यम. मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये. तो आला की ब्लूज झाला.”

या भाडोत्र्याची गंमत अशी की, तो पेटीवर किंवा पियानोवर नेमका सापडत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या लोकांनी, गुलामगिरी संपली तरी जिची सावली संपली नव्हती त्यांनी, शेतात राबताना जी गाणी म्हटली, त्यांतून हे संगीत आलं. त्यांच्या गळ्यातला गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. निषादाचंही तेच, आणि पंचमाखालच्या त्या सुराचंही तेच. आपल्याकडे याला श्रुती म्हणून पाट मांडला असता. युरोपातून आलेल्या पियानोवर मात्र त्या दुःखासाठी पट्टीच नव्हती. मग गिटारवाल्यानं तार ओढून सूर वाकवला, आणि पियानोवाल्यानं शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबल्या. खरं गाणं या दोन पट्ट्यांच्या मधे आहे, ते तुम्ही समजून घ्या, असं सांगितल्यासारखं. हे ऐकून मला आमच्या पेटीची आठवण झाली. तिलाही श्रुती दाखवता येत नाही, मींड घेता येत नाही, म्हणून रेडिओवर १९४० साली तिच्यावर बंदी आली. ती थोडीफार सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे एकतीस वर्षं. माझी पेटी माळ्यावर अठ्ठावीसच वर्षं होती. घराण्यातली ही परंपराच म्हणायची.

सर्व्हर जसजसा अधिक बंद पडू लागला, तसतसं माझं शिक्षण वाढलं. ब्लूज बहुधा बारा बारचा असतो, हे ऐकून आमच्या शिपायाचे डोळे चमकले. इथं बार म्हणजे चार मात्रांचा खण, हे समजावल्यावर तो चहा आणायला निघून गेला. या बारा खणांत सुरांचे जुडगे ठरलेल्या क्रमानं येतात. पहिले चार खण षड्जाचे, मग दोन मध्यमाचे, पुन्हा दोन षड्जाचे, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा, आणि शेवटचे दोन पुन्हा घरी. वर वाजवणारा त्यावर जागच्या जागी रचत जातो. आपला गवई ठेक्यावर रचतो, हे लोक या खणांवर रचतात.

आता खरी गंमत. घरी परतायच्या आधी जो ताण येतो, त्या ठिकाणी जॅझवाले विलक्षण सूर काढतात. एका संचाला ते ‘ऑल्टर्ड’ म्हणतात. ताणाच्या जुडग्याचा मूळ सूर षड्ज धरला तर त्यात कोमल रे आहे, दोन्ही गंधार आहेत, तीव्र मध्यम आहे, कोमल ध आणि कोमल नि आहेत. शुद्ध मध्यम रजेवर, पंचम रजेवर. ऐकताना वाटतं की बरणी फुटली. आणि दुसऱ्याच क्षणी मूळ षड्जाचं जुडगं येतं, आणि घर जागेवर दिसतं. बाबांनी मला हे पगाराच्या भाषेत सांगितलं : महिन्याच्या तीस तारखेचं घर म्हणजे ऑल्टर्ड, एक तारखेचं म्हणजे षड्ज. तीस तारीख नसेल तर एक तारखेला कोण विचारतो?

दुसरा संच सहा सुरांचा : सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. सगळी अंतरं सारखी. थेलोनियस मंकला याचा मोठा शौक. आमच्या गृहनिर्माण संस्थेसारखं हे प्रकरण आहे. सहा मजले, सगळी दारं एका रंगाची, आपलं घर कुठलं ते किल्ली लावल्याशिवाय कळत नाही. तिसरा आठ सुरांचा. एकदा अर्धं पाऊल, एकदा पूर्ण, असं लंगडत सप्तक चढायचं. आणि या सगळ्यांचा पुरवठा करणारं एक पुस्तकही आहे. निकोलस स्लोनिम्स्की नावाच्या, रशियात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या गृहस्थांनी १९४७ साली सुरांच्या संचांचा एक जाडजूड कोश छापला. आमच्या व्याजाच्या तक्त्यांसारखा. जॉन कोल्ट्रेन त्यातून रियाज करायचा. हाच कोल्ट्रेन आपल्या रविशंकरांच्या सतारीनं इतका भारावला की, १९६१ साली त्यानं ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं.

“आणि माइल्स डेव्हिस उलटा गेला,” बाब म्हणाले. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीत त्यानं जुडग्यांची गर्दीच काढून टाकली. त्यातल्या ‘सो व्हॉट’ या चीजेत सोळा खण एकच सुरावट. तीही आपल्या काफी थाटाची. मग आठ खण तीच अर्ध्या सुरानं वर, आणि शेवटचे आठ पुन्हा खाली. नावाचा अर्थ, ‘मग काय झालं?’

याच माइल्सची एक गोष्ट त्याचा पियानोवाला हर्बी हॅनकॉक नेहमी सांगत आला आहे. १९६० च्या दशकात युरोपात हीच चीज चालली होती. मैफल ऐन रंगात असताना हर्बीनं एक साफ चुकीचं जुडगं दाबलं. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी. माइल्सनं क्षणभर श्वास घेतला आणि असे काही सूर वाजवले की ते चुकीचं जुडगं बरोबर झालं. हर्बीनं त्याला चूक मानलं होतं. माइल्सनं मानलंच नव्हतं. आलं ते आलं, आता यापुढं काय वाजवायचं, एवढंच त्यानं पाहिलं.

हे ऐकल्यावर मी काउंटरच्या काचेकडे पाहत बसलो. आणि मग, बायकोलाही कधी सांगितली नव्हती ती १९९५ सालची गोष्ट, मी बाबांना सांगितली. काळी एक, पांढरी सात, मधली पांढरी एक, आणि चष्मा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. रद्दी व्हाउचरच्या पाठीवर बारा पट्ट्या काढल्या. म्हणाले, “मालकंसाला तुमचा तानपुरा कशावर लावतात?”

“पंचम नाही, म्हणून मध्यमावर.”

“मग तो मध्यमच षड्ज धर. काळी तीन. आता वाच.”

मी वाचलं. मालकंसाचा मध्यम षड्ज धरला, तर कोमल धैवत होतो कोमल गंधार. कोमल निषाद होतो मध्यम. षड्ज होतो पंचम. कोमल गंधार होतो कोमल निषाद. म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी! ब्लूजचे पाच सूर!

“आणि तुझा तो पांढरी एकचा निषाद?”

मी मोजलं. पुन्हा मोजलं. आम्ही रोकड दोनदा मोजतो. मध्यम आणि पंचम यांच्या मधला, तीव्र मध्यम. तोच भाडोत्री. पंधराव्या वर्षी, काही कल्पना नसताना, गणपतीच्या मांडवात मी तीन वेळा ब्लूज वाजवला होता. नोंद बरोबर होती, खातं चुकलं होतं.

“तुझं काही चुकलं नव्हतं रे,” बाब व्हाउचर माझ्या खिशात घालत म्हणाले. “तू फक्त षड्ज सांगायला विसरलास.”

२०२३ साली बाब निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषणं नकोत, मी सॅक्सोफोन वाजवतो आणि हा पेटी वाजवेल, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं. मी घरी येऊन स्टूल शोधू लागलो. सौभाग्यवतींनी ते न विचारता आणून दिलं. माळ्यावरून पेटी काढली. अठ्ठावीस वर्षांची धूळ असेल म्हणून तोंडाला रुमाल बांधला होता. पण पेटी स्वच्छ धुतलेल्या धोतरात गुंडाळलेली. आत डांबराच्या गोळ्या, ताज्या. भात्याला नवं ठिगळ. एका कोपऱ्यात सुकलेलं झेंडूचं फूल.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“दर खंडेनवमीला मामंजी काढतात,” ती म्हणाली. “खंडेनवमीला तुमची बँक चालू असते ना. स्टूल मीच धरते.”

“मला सांगितलं नाहीस?”

“ते म्हणाले, तो मागेल तेव्हा तयार असली पाहिजे. मागेपर्यंत विषय काढायचा नाही.”

समारंभाला वडील आले. वय अठ्ठ्याहत्तर, जागा पहिली रांग, चष्मा डोळ्यांवर. काळी तीन म्हटल्यावर सॅक्सोफोनवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्याच्या वाद्यावर ती पट्टी भलतीच अडचणीची. तरी बाबांनी तीच धरली. पहिले बारा खण ते एकटे वाजले. मग मान हलवून मला म्हणाले, ये. मी मालकंसाचेच पाच सूर घेत निघालो. सातव्या खणापर्यंत सगळं ठीक होतं. आठव्यात पांढरी सात आली, आणि बोट निघालं, आणि पांढरी एकवर जाऊन जे बसलं ते उठेना. मी वाजवत नव्हतो. मी तिथं अडकलो होतो. समोर वडील होते. सूर भोंग्यासारखा वाजत राहिला.

तेवढ्यात खालून सॅक्सोफोन आला. बाबांनी मध्यमापासून सूर वाकवत वाकवत माझ्या सुराला आणून भिडवला आणि तिथंच थांबले. आता त्या ठिकाणी आम्ही दोघे होतो. मला न सापडणाऱ्या त्या श्रुतीवर ते जरासे डुलले. मग दोघे मिळून काळी एकवर उतरलो. टाळ्या पडल्या. शाखाधिकाऱ्यांना वाटलं, हे बसवलेलं आहे.

परतताना रिक्षात वडील गप्प होते. अगदी १९९५ सालासारखे गप्प. तिसऱ्या सिग्नलला म्हणाले, “षड्ज काळी तीनचा धरलास?”

“हो.”

“मग तो निषाद नव्हे. तीव्र मध्यम.”

“हो, दादा.”

पुढचे दोन सिग्नल गेले. “त्या दिवशी मी रागावलो नव्हतो,” ते म्हणाले. “तुझा चेहरा बघून काय बोलावं ते सुचलं नाही. आणि मग फारच उशीर झाला.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “उद्या सकाळी मला ते बारा खण लिहून दे.”

उचंत खात्यातली नोंद अशी अठ्ठावीस वर्षांनी मिटली. व्याज मिळालं नाही, पण मुद्दल दोन्ही पक्षांना पोचलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या रोकडीत एक रुपया जास्त आला. मी शाखाधिकाऱ्यांना शांतपणे समजावलं की, साहेब, चूक अशी काही नसते, आपण फक्त षड्ज बदलून पाहू या. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला रात्री साडेनऊपर्यंत बसवलं.